आत्याने जोडून दिलेली माणसं

माझी आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. नोकरी संपली, पण दुसऱ्यांच्या घरातली खबरबात ठेवायची सवय काही सुटली नाही. कोण कुणाशी तासन्‌तास बोलतं, कुणाचा फोन आला की कोण "घरी नाही म्हणून सांग" म्हणतं, सगळं तिला तोंडपाठ. मी संगणकवाला, म्हणजे तिच्या मते अर्धाच शहाणा.

रेडिओवरचे जुने कार्यक्रम जमवणाऱ्या हौशी लोकांचा एक गट ती चालवते. या गटाचं गोदाम असं कुठेच नाही. प्रत्येक कार्यक्रमाचे तुकडे सभासदांच्याच घरच्या संगणकांवर असतात. एकाने मागितलं की बाकीच्यांकडून थोडं थोडं येतं. त्यासाठी आपला संगणक चालू ठेवायला हवा. पण लोक हवं ते घ्यायचे आणि बंद करून मोकळे व्हायचे. गरज सरो, वैद्य मरो.

त्यात आत्याची एक्स्चेंजमधली मैत्रीण अंथरुणाला खिळली. तरुणपणी तिने एका रेडिओ नाटकात काम केलं होतं. नाटक थेट प्रसारित झालं, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं, फक्त तिने नाही. आता कान मंद होत चालले होते. ऐकायचं तर लवकरच, असं डॉक्टर म्हणाले. कुणीतरी तेव्हा घरी टेप केलेलं ते नाटक गटात सापडलं, पण शेवटचा अंक येईना. तो एका दातांच्या डॉक्टरांकडेच होता, आणि हे गृहस्थ स्वतःचं काम झालं की गुल. आत्याने फोन केला की दवाखान्यातून "डॉक्टर कामात आहेत" एवढंच उत्तर यायचं.

मी मोठ्या ऐटीत नियम केला: जो देईल त्याला गुण, आणि गुण नसतील त्याला काही मिळणार नाही. झालं. लोकांनी एकच गाणं चार नावांनी चढवलं. दातांच्या डॉक्टरांनी तर दवाखान्यातल्या पंख्याची घरघर 'दुर्मिळ वाद्यसंगीत' म्हणून दिली आणि गुणांची रास लावली. पुन्हा संगणक बंद.

आत्या पोट धरून हसली. मग म्हणाली, "अरे, माणूस नियमाला लाजत नाही, माणसाला लाजतो. कुणाचं कुणाकडे गेलं, एवढं दिसू दे."

मी कुरकुरत गुण काढून टाकले. आता प्रत्येकाला दिसू लागलं, की आपल्याकडे जे आलं ते कुणाच्या घरून आलं, आपलं कुणाकडे गेलं आणि कोण कशाची वाट बघतंय. मला यातून काही होईल असं मुळीच वाटत नव्हतं.

दातांचे डॉक्टर एका नव्या गाण्यासाठी आले आणि चाट पडले. त्यांचा जवळजवळ सगळा संग्रह एकाच बाईंच्या संगणकावरून आला होता, आणि त्या बाईंची बेकरी त्यांच्याच दवाखान्याखाली होती. ते रोज त्या दुकानावरून जायचे आणि वर जाऊन लोकांना बिस्किटं खाऊ नका म्हणून बजावायचे. त्या दिवशी ते ओशाळून खाली उतरले, आभार मानले आणि चक्क बिस्किटं घेतली. पुडा बांधता बांधता बेकरीवाल्या बाईंनी त्यांना शेवटच्या अंकाची वाट बघणारी बाई कोण, हे आत्याकडून कळलेलं सांगितलं. डॉक्टर पुडा तिथेच विसरून जिना चढले. खुर्चीत एक पेशंट आ वासून बसला होता. त्याला तसाच ठेवून त्यांनी आधी संगणक चालू केला.

दुसऱ्या दिवशी आम्ही आत्याच्या मैत्रिणीच्या उशाशी बसलो. तिच्याच लॅपटॉपवर नाटक उतरवून मी तिच्या कानांना हेडफोन लावले. अख्ख्या नाटकात तिला एकच वाक्य होतं, तेही शेवटच्या अंकात: "थांबा, जोडते." तिने ते पुन्हा पुन्हा ऐकलं.

"अगं, काय हा किनरा आवाज," ती आत्याला म्हणाली. "नायक पळून कसा नाही गेला?"

दोघी हसता हसता रडायला लागल्या. माझंही तेच झालं, लपवायचं कशाला.

निघताना मी तिचा लॅपटॉप बंद करायला हात घातला, तर तिने माझं मनगट धरलं आणि पडद्याकडे बोट केलं. कुणीतरी दोघंजण तिच्याकडून तो अंक घेत होते.

"पाण्याच्या घोटापासून सगळं मी दुसऱ्यांकडून घेते रे," ती म्हणाली. "आज कुणीतरी माझ्याकडून घेतंय. राहू दे चालू."