एक्याऐंशी किलोंचा चॅम्पियन

नायक भास्कर तायडे, तालुका बाळापूर, जिल्हा अकोला. आधी हे नाव लिहितो, बाकीचं मागून. हा माणूस नसता तर मी सतरा वर्षं नोकरी करून पेन्शनीत आलो नसतो. पहिल्याच वर्षी पलटणीतून पळालो असतो. आज मी सुरतेत एका कापडाच्या गोदामावर सिक्युरिटी सुपरवायझर आहे. शाळा नववीत सोडली, लिहायची सवय नाही. काही मागंपुढं झालं तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

माझं गाव मोर्शीजवळ. शाळा सोडल्यावर संत्र्याच्या पेट्या उचलल्या, त्यानं अंग झालं. अमरावतीच्या भरतीत उंची, छाती, धावणं सगळ्यात पास झालो. लेखीत कसा झालो ते मलाही माहीत नाही. ट्रेनिंग संपलं आणि पंजाबातल्या एका छावणीत पोस्टिंग आली. पलटणीत बहुतेक सगळे सातारा, सांगली, कोल्हापूरकडचे. मी तोंड उघडलं की हसायचे. मग मी तोंड उघडणंच बंद केलं. संध्याकाळी रोलकॉल झाला की मनात एकच, घरी जायचं.

एक दिवस लंगरच्या लाइनीत वाढणाऱ्याला म्हणालो, "मले भात कमी द्या."

मागून आवाज आला, "कावून बे, कमी कावून? कुठचा तू?"

वळून पाहिलं. माझ्या खांद्याला लागेल एवढा माणूस, मान जाड, नाक बसलेलं.

"मोर्शीचा."

"म्हंजे संत्र्यावाला. मी अकोल्याचा. वजन किती तुयं?"

"एक्क्याण्णव."

"पाहा! हा भात कमी खाऊन एक्क्याण्णव, अन् मी ढीगभर खातो तरी ब्याऐंशी होत नाही. चार वाजता रिंगवर ये."

"मले बॉक्सिंग येत नाही भाऊ."

"तुले कुठं पाह्यजे? मले येते. तू निस्ता उभा राय."

तेच नायक तायडे. तीन वर्षं ब्रिगेडचे चॅम्पियन, सगळ्यात वरच्या वजनगटात. हा गट एक्याऐंशी किलोंपासून सुरू व्हायचा आणि वर त्याला हद्द नव्हती. खालच्या गटात आमच्या पलटणीचा दुसरा बॉक्सर होता आणि एका गटात एका पलटणीचा एकच माणूस उतरायचा. वरच्या गटाला माणूस मिळेना, म्हणून एका वर्षी तायडेभाऊंना उभं केलं. ते जिंकले. मग तिथंच राहिले.

बाकीचे बॉक्सर वजन घ्यायच्या आधी दोन दिवस उपाशी राहायचे, घाम काढायचे. तायडेभाऊ सकाळपासून केळी खायचे आणि तांब्यानं पाणी प्यायचे. काट्यावर चढेपर्यंत लघवीला जायची मनाई. काटा एक्याऐंशीच्या वर तीनशे ग्रॅम दाखवायचा आणि ते उतरून तडक पळायचे. समोरच्या पलटणींचे पंचाण्णव किलोंचे, शंभर किलोंचे गडी ते पाहून हसायचे. संध्याकाळपर्यंत हसणं थांबलेलं असायचं.

माझा दिनक्रम ठरला. ०५३० ला पीटी, दिवसभर ड्यूटी, १६०० ला रिंग. मी हात वर करून उभा राहायचो, ते मारायचे. "डोये मिटू नको. मिटले तरी लागतेच." रोज तीन राउंड. लागायचं, पण सोसवायचं. दुसऱ्यांसमोर मी त्यांना उस्ताद म्हणायचो. रिंग सुटली की पायरीवर बसून ते मला मॅप रीडिंग शिकवायचे. नकाशावर चढ-उतार दाखवणाऱ्या कंटूरच्या रेषा मला तिथं कळल्या. मी सोडून पलटणीत वऱ्हाडी बोलणारा दुसरा कोणी नव्हता, म्हणून त्यांना माझ्याशी बोलायला आवडत असेल असं मला तेव्हा वाटायचं.

त्या वर्षी स्पर्धेआधी पंधरा दिवस तीन पलटणींचा एकत्र कॅम्प लागला. एकच हॉल, दोन रिंगा. एवढ्या वजनाचा स्पारिंग पार्टनर बाकी दोन टीमकडं नव्हता, म्हणून मला उसना मागून न्यायचे. एका पलटणीचा शिपाई जसपाल, एकशे चार किलो. दुसरीचा हवालदार धरमवीर, अठ्ठ्याण्णव किलो. दोघांपुढंही मी उभा राहिलो. धरमवीर भला माणूस होता, मारल्यावर पाणी आणून द्यायचा. पण त्याचा उजवा हात बसला की कान जेवणापर्यंत वाजत राहायचा.

आमचे कोच सुभेदार मोहिते साहेब, साताऱ्याचे. त्यांच्या मनात या वेळी तायडेभाऊंच्या जागी दुसरा उतरवायचं होतं. पलटणीत कदम नावाचा नवा शिपाई आला होता, सहा फूट एक इंच, शहाण्णव किलो. तायडेभाऊ एकतीसचे झाले होते. मे महिन्यात पलटण दोन वर्षांसाठी वर बर्फात जाणार होती. खाली येईपर्यंत तायडेभाऊंचं वय निघून जाणार. म्हणजे त्यांच्यासाठी ही शेवटची स्पर्धा. पण साहेबांना पलटणीचा कप राखायचा होता. नावं द्यायचा दिवस आला, वेळ १८०० पर्यंत.

१६१५ ला साहेबांनी टीम फॉल इन केली, सगळे रांगेत. हातात कागद, पेन, नजर माझ्यावर.

"राऊत, पुढं ये. तिघांचेही ठोसे तूच खाल्लेत. मोजायला दुसरा काटा माझ्याकडं नाही. खरं सांग. जसपालपुढं तायडे टिकंल?"

"टिकतील साहेब. जसपाल दुसऱ्या राउंडलाच तोंडानं दम घेते."

"आणि धरमवीर?"

तायडेभाऊ तीन पावलांवर हाताला पट्टी गुंडाळत होते. वर पाहिलं नाही. ज्या माणसानं मला पलटणीत माणूस केलं त्याच्या तोंडावर मला हे सांगायचं होतं. पण साहेबांनी खरं विचारलं होतं, आणि खोटं बोलायलाही मी भीत होतो.

"नाही साहेब."

"कारण?"

"धरमवीरचा एक बसला तर दिवसभर कान वाजते. उस्तादांचे धा बसले तरी मी जेवतो."

टीम हसली. साहेबांनी कागदावर पेन टेकवलं. मग उचललं.

"दहा बसले तरी जेवतोस?"

"हो साहेब."

साहेब तायडेभाऊंकडं वळले. "तायडे, किती दिवस चाललंय हे?"

"काय साहेब?"

"याला हळू मारायचं."

तायडेभाऊ पट्टी गुंडाळत राहिले.

"चॅम्पियन म्हणून मी तुला मोकळा सोडलाय आणि तू वर्षभर गादीवर हात फिरवतोयस? सराव झाला का हा?"

"बाकी जोर बॅगवर काढतो साहेब."

"बॅगचं मला सांगू नकोस. ग्लोव्हज घाल. याला मार. पूर्ण."

"साहेब, नवं पोरगं आहे."

"ऑर्डर आहे, तायडे."

१६४० ला आम्ही रिंगमध्ये. हेडगार्ड, दातांना गमशिल्ड, सोळा औंसाचे ग्लोव्हज. ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "पोट आवयून धर. अन् पडला तर पडूनच राय, उठू नको."

साहेब म्हणाले, "बॉक्स."

पहिलं अर्धं मिनिट नेहमीसारखंच गेलं. मग त्यांचा डावा खांदा खाली गेलेला दिसला. हात दिसला नाही. उजव्या बरगडीखाली काहीतरी बसलं. दुखलं असं म्हणता येणार नाही, दुखणं नंतर आलं. आधी पाय गेले. मी गुडघ्यावर होतो आणि गुडघ्यावर कसा आलो ते मला माहीत नव्हतं. साहेब मोजत होते. तीन, चार. श्वास बाहेर गेला होता, आत येत नव्हता. दहा झाले तरी येत नव्हता.

माझ्यापेक्षा दहा किलोंनी हलका माणूस. पुढं मी तोफांचं फायरिंग जवळून पाहिलं, कडे कोसळताना पाहिले. पण त्या दिवशी मॅटवर पडून वाटलं ते पुन्हा कधी वाटलं नाही. एवढ्याशा अंगात हे एवढं कुठं ठेवलं होतं? आणि रोज तीन राउंड, वर्षभर, माझ्या अंगापाशी आणून यानं हे परत कसं नेलं? मारायला जोर लागतो. हात आवरायला किती लागत असेल?

साहेब वाकून म्हणाले, "आता सांग राऊत."

दम आला तेवढ्यात बोललो, "साहेब... उस्तादांचंच नाव लिवा."

कोणी हसलं नाही. साहेबांनी नाव लिहिलं.

मला एमआय रूमला, पलटणीच्या दवाखान्यात नेलं. बरगडी शाबूत होती. १९०० च्या सुमारास तायडेभाऊ आले, खाटेच्या कडेला बसले.

"लय लागलं?"

"हो."

"जेवला?"

"नाही."

"मंग बराबर बसला."

मला हसू आलं, बरगडी दुखली. मग विचारलं, "भाऊ, पयले कावून नाही मारलं असं? मी आज तुमचं नाव कापत होतो."

"तू रोज सांजीले गेटकडं पाहे. मले दिसे. एक दाबून देला असता तं रातच्या गाडीनं मोर्शी गाठली असती तू. मंग मी कोणासंग बोललो असतो?"

मी भिंतीकडं तोंड केलं. मग आठवलं ते सांगून टाकलं, कारण तेवढंच माझ्याकडं देण्यासारखं होतं. धरमवीर उंच आहे, हात लांब आहेत. पण उजवा टाकताना त्याचं कोपर वर जातं आणि बरगडी उघडी पडते. उंच माणसाला तिथं मारायला वाकावं लागतं. तायडेभाऊंना वाकावं लागणार नव्हतं. ती बरगडी त्यांच्या खांद्यासमोर येत होती. ज्याला आम्ही सगळे कमी समजत होतो, ती उंची तिथं बरोबर होती.

"मले दिसलं होतं," ते म्हणाले. "पण तुले दिसलं हे चांगलं झालं. आता तू बॉक्सर झाला."

जसपालला त्यांनी गुणांवर हरवलं. फायनलला धरमवीर. पहिला राउंड सरळ धरमवीरचा, भाऊंची भुवई फुटली. दुसऱ्यात ते दोनदा दोरावर गेले. मी कॉर्नरमध्ये टॉवेल धरून होतो. तिसऱ्या राउंडला धरमवीरनं उजवा उचलला, कोपर वर गेलं, आणि मला भाऊंचा डावा खांदा खाली जाताना दिसला. हॉलमध्ये हजारभर लोक असतील. पुढं काय होणार ते त्यांच्यात मला एकट्याला ठाऊक होतं, माझी बरगडी आधीच आवळली. धरमवीर एका गुडघ्यावर आला. आठ मोजल्यावर उठला, शेवटपर्यंत लढला, पण हात वर झाला तो तायडेभाऊंचा. उतरल्यावर धरमवीरनं त्यांना उचलून घेतलं, पोराला घेतात तसं.

मे महिन्यात आम्ही वर गेलो. दुसऱ्या हिवाळ्यात मी पोस्टवर रेडिओ सेटवर होतो. तायडेभाऊ हवालदार झाले होते, चार जणांची लिंक पेट्रोल, पुढच्या पोस्टशी गाठ घालणारी गस्त, घेऊन निघाले होते. ११०५ ला त्यांचा आवाज आला. अल्फा ते, ब्राव्हो मी.

"अल्फा फॉर ब्राव्हो. नाला क्रॉस कर रहे हैं. ओव्हर."

"रॉजर. आउट."

१११२ ला आवाज झाला, सेटमधून नाही, डोंगरातून. मी अर्धा तास बोलावत राहिलो. "ब्राव्हो फॉर अल्फा. ब्राव्हो फॉर अल्फा." बर्फाचा कडा सुटला होता, त्याखालून दोघांना जिवंत काढलं. हवालदार भास्कर तायडे आणि शिपाई संतोष पवार चौथ्या दिवशी सापडले.

त्यांच्या गावी जायला मला पंधरा वर्षं लागली. पाय धजत नव्हते. मागच्या दिवाळीत सुटी मिळाली तेव्हा अमरावतीहून परतताना अकोल्याला उतरलो आणि तसाच पुढं गेलो. त्यांचे वडील ओट्यावर बसले होते. मी नाव सांगितलं, पलटण सांगितली.

म्हातारबा म्हणाले, "आमी त्याले खेळताना कधी पाह्यलं नाही. खरंच मारे काय तो? इथं तं त्यानं बैलाले कधी काठी नाही लावली."

"मारत बाबा," मी म्हणालो. "मले एकदाच मारलं."

"अन्?"

"अजून आठवते."

ते ओट्यावरून उठले. मग घरात हाक मारून म्हणाले, "चहा टाका. भास्करच्या हातचा मार खाल्लेला माणूस आला."

शाळेच्या मागं मोकळी जागा आहे, ती मी जाताना पाहून ठेवली. सरपंचांशी बोललो, ते नाही म्हणाले नाहीत. चार खांब, दोर, खाली फळ्या आणि एक बॅग, एवढंच लागतं. माझ्यासारख्याला वेळ लागेल, एकदम होणार नाही. पण भाऊ, तुमच्या गावात तुमच्या नावाची रिंग एक दिवस उभी करीन, आणि पहिले तीन राउंड हात वर करून मीच उभा राहीन.