सरणापाशी ताटकळलेले दोन तास

माझा धाकटा भाऊ फौजेत होता. तो सीमेवर कामी आला. औंधजवळच्या आमच्या गावी त्याला आणलं तेव्हा माळावर पाय ठेवायला जागा नव्हती. सरण रचून तयार, जवान मानवंदनेसाठी रांगेत उभे, आणि माइकवरून सूचना आली, "आमदारसाहेब वाटेत आहेत, थोडं थांबावं." ते थोडं म्हणजे दोन तास. चैत्राचं ऊन होतं. आई शवपेटीवर हात ठेवून बसली होती, पदरसुद्धा डोक्यावर घेतला नाही तिनं. साहेब आले, भाषण झालं, आणि मग कुठं तात्यांनी अग्नी दिला. तात्या म्हणजे आमचे चुलते. वडील गेल्यापासून घरात शब्द त्यांचाच.

वर्षश्राद्धाला गावानं कार्यक्रम ठेवला, साहेबही व्यासपीठावर होते. मी वाईला शाळेत शिकवते, चारचौघांत बोलायची भीती मला नाही. माइक हातात आला आणि मी सरळ विचारलं, "साहेब, माझ्या आईला उन्हात दोन तास का बसवलंत?" कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं आणि संध्याकाळपर्यंत साताऱ्यात ज्याच्या त्याच्या हातात माझं तोंड.

साहेबांचे कार्यकर्ते लिहायला लागले, बाईंचा बोलविता धनी वेगळाच आहे. खुद्द साहेब मात्र गप्प. शाळेतल्या बाई मला समजावत होत्या, शहिदाच्या घरच्यांना नेत्यानं उलट उत्तर देऊ नये, तेच शोभतं. मला याचा संतापच आला. मी रडगाणं गायलं नव्हतं, प्रश्न विचारला होता. बिचारी दुःखात आहे म्हणून मला सोडून देणं हा कसला मान? मी त्यांच्या कार्यालयात रोज फोन करायला लागले. चौथ्या दिवशी ते स्वतः बोलले.

"ताई, मी थांबा म्हणालोच नव्हतो. गाडी घाटात अडकली होती. तुमच्या चुलत्यांनीच माझ्या माणसाला सांगितलं, साहेब आल्याशिवाय अग्नी देत नाही. हे मी जाहीर कसं बोलू?"

त्याच शनिवारी एसटीनं गावी गेले. तात्या गोठ्यात वैरण टाकत होते. मी विचारलं. त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली.

"व्हय, मीच म्हनालो. आपल्या पोरासाठी मोठा मानूस यावा, मान व्हावा, असं वाटलं गं. तुज्या आईकडं बगितलंच न्हाई मी."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. ओरडले नाही, कारण ते रडत होते. पण गप्पही बसले नाही. तिथूनच साहेबांना फोन लावला. म्हटलं, "चूक आमच्या घरचीही होती, हे मी माइकवर सांगीन. पण तुम्ही थांबा म्हणाला नाहीत, तसं थांबू नका असं तरी म्हणालात का? फोन तर तुमच्याही हातात होता."

ते म्हणाले, "नाही, तसं म्हणालो नाही. तेवढं माझं चुकलं."

"मग हे चारचौघांत सांगा," मी म्हटलं. आठ दिवसांनी गावच्या ग्रामसभेत त्यांनी ते सांगितलं, लिहून आणलेला कागद न बघता. त्यांच्यानंतर मी उठले आणि आमच्या वाटणीची चूक सांगितली. तात्या मान खाली घालून बसले होते. काही लोक मला म्हणाले, घरातलं वेशीवर कशाला टांगलंस? मी म्हटलं, उत्तर मागितलं होतं ना, मग आलेलं उत्तर पुरं ऐकायला नको?

यंदा शेजारच्या गावात एका जवानाला आणलं. आई, तात्या आणि मी, तिघंही गेलो. सरण तयार झालं आणि माइकवर तेच सुरू झालं, साहेब निघालेत, थोडं थांबावं. जवानाची आई पेटीशी बसली होती. मी पुढं व्हायच्या आत माझ्या शेजारून तात्या उठले. काठी टेकत गर्दीतून वाट काढत थेट त्या पोराच्या बापापाशी गेले आणि त्याचा हात धरून मोठ्यानं म्हणाले, "पावनं, कुनासाठी थांबू नगा. मी थांबलो हुतो. द्या अग्नी."