दोन वर्षं उशिरा आलेली आई

सकाळी डबा भरत होते तेव्हा सुजाताच्या मुलीचा, करुणाचा फोन आला. "मंगलमावशी, आई गेली," एवढंच म्हणाली. आदल्याच रविवारी मी विश्रांतवाडीला सुजाताकडे जाऊन आले होते. दवाखान्यातून नुकतंच घरी आणलेलं, उशांना टेकून बसलेली, आवाज पार खोल गेलेला... तरी मला म्हणाली, "चेहरा असा करू नकोस, मी अजून आहे." हा खवचटपणा आपण मंगलकडून उचलला, असं ती सगळ्यांना सांगायची. मूळची ती चंद्रपूरची. पुण्यात तीस वर्षं काढून भाषा इथलीच झाली होती, फक्त बहीण होती तोवर तिच्याशी फोनवर बोलताना 'हो'च्या जागी गावाकडचं 'हाव' परत यायचं.

नोकरी करणाऱ्या बायकांच्या वसतिगृहात आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. मी विमा कंपनीत कारकून, ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ. पुढे माझं लग्न झालं. तिनं केलं नाही. आईवडील लवकर गेले, आणि धाकटी बहीण प्रज्ञा हिला नर्स करणं हेच तिनं आपलं काम मानलं. प्रज्ञा शिकली, कंपालाच्या एका दवाखान्यात नोकरी मिळवून युगांडाला गेली आणि तिथल्याच एका शाळामास्तरांशी लग्न केलं. सुजातानं चार दिवस अबोला धरला, पाचव्या दिवशी जावयाचा फोटो पर्समध्ये घालून लॅबभर दाखवला. करुणा झाली तेव्हा पेढे वाटले. मुलगी बोलायला लागली ती आईचंच बोलणं उचलून, व्हिडिओवर "मोठी आई, जेवली का?" विचारायची आणि आपणच "हाव" म्हणायची.

करुणा चार वर्षांची असताना तिचे आईवडील महामार्गावरच्या बस अपघातात एकाच दिवशी गेले. मुलगी घरी होती म्हणून वाचली. वडिलांच्या म्हाताऱ्या आईनं काही महिने सांभाळलं, पण तिलाच अंथरुणातून उठवायला माणूस लागायचं. शेवटी मुलगी एका बालगृहात गेली. ती बातमी आली त्या दिवशी सुजाता माझ्याकडे आली, चहा न पिता म्हणाली, "मी तिला दत्तक घेणार आहे."

म्हणायला सोपं होतं. तिथले आणि इथले वकील, कागदपत्रं, परवानग्या, तिकिटं, शिवाय कोर्टाचा निकाल होईपर्यंत महिनोन्महिने तिथं राहणं आणि तेवढे दिवस बिनपगारी रजा. लॅबच्या पगारात एकटीचं बरं चाललं होतं, यातलं काहीच बसत नव्हतं. दत्तकाच्या ज्या ऑफिसात ती चौकशीला गेली, तिथल्या बाईंनी तिची पगाराची पावती पाहिली आणि समजुतीच्या सुरात सांगितलं, "अहो, मूलच हवंय ना? मग इथलं घ्या की. एवढा खर्चही येणार नाही." सुजाता म्हणाली, "मी मंडईत भाजी घ्यायला नाही आले. माझ्या बहिणीची मुलगी आहे ती." मी शेजारीच बसले होते. बाईंनी फाईल पुढे सरकवली.

मग तिनं पैसे जमवायला घेतले. म्हातारपणी घर बांधू म्हणून लोणी काळभोरला घेतलेला जमिनीचा लहानसा तुकडा विकायला काढला, तर सातबाऱ्यावर भलत्याच कुणाचं नाव निघालं आणि व्यवहार अडकला. पहाटे स्कूटरवरून घरोघरी जाऊन उपाशीपोटीचं रक्त गोळा करायचं कामही तिनं धरलं. पावसात, थंडीत, लॅब उघडायच्या आधी ही धानोरीपर्यंत जाऊन आलेली असायची. मी माझी ठेव मोडते म्हणाले, माझ्या नवऱ्यानंही आग्रह केला. तिनं ऐकलं नाही. "उद्या जज विचारेल, पोसणार कशी? तेव्हा काय सांगू, मैत्रिणीला विचारून सांगते? माझ्याच पैशानं आणली तर देतील ते मुलगी." तिला खरंच तसं वाटत होतं. एकटी बाई, बेताचा पगार, त्यात उसने पैसे... दारातूनच परत पाठवतील, ही भीती तिच्या मनातून कधी गेलीच नाही.

या सगळ्यात दोन वर्षं गेली. दर रविवारी बालगृहात व्हिडिओ फोन लागायचा. सुरुवातीला करुणा धावत यायची, "मोठी आई, कधी येतं?" विचारायची. हळूहळू तिचे मराठी शब्द गळत गेले. मग ती नुसती हसायची. मग हसणंही थांबलं, आणि शेजारी उभ्या असलेल्या बाई सांगायच्या की मुलगी बरी आहे, जेवते, झोपते.

अखेर जमीन पडत्या भावानं गेली आणि ती निघाली. कंपालात प्रज्ञाबरोबर काम केलेल्या केरळच्या दोन नर्सेसनी तिला आपल्या क्वार्टरमध्ये ठेवून घेतलं. मोबदल्यात ही दोघींचा स्वयंपाक करायची. पहिल्या भेटीबद्दल ती माझ्याशी एकदाच बोलली. बालगृहाच्या व्हरांड्यात मुलगी पाठमोरी उभी होती, सहा वर्षांची, उंच झालेली. सुजातानं हाक मारली आणि ती किंचाळून आत पळाली. कॉटखालून बाहेर यायला तयार होईना. "माझा आवाज प्रज्ञासारखा आहे गं," सुजाता म्हणाली. "घरचे लोक फोनवर फसायचे, एवढंच मला माहीत होतं. आमच्या फोनवर चेहरा दिसायचा, तिथं मागून नुसता आवाज आला. पोरीला वाटलं, मेलेली आई बोलते आहे." त्यानंतर कितीतरी दिवस ती रोज जाऊन नुसती शेजारी बसायची, काही न बोलता. एके दिवशी मुलीनं उकडलेल्या केळ्याची आपली बशी तिच्याकडे सरकवली.

कोर्टात ज्या प्रश्नाची तिनं दोन वर्षं तयारी केली होती, तो विचारलाच गेला नाही. बँकेचे कागद जजबाईंनी उलटले आणि बाजूला ठेवले. मावशी आहे, आजीची संमती आहे, बालगृहाचं म्हणणं चांगलं आहे, म्हणून दत्तकाआधी ठरावीक काळ तिथं राहण्याच्या अटीतही त्यांनी सवलत दिली. फक्त शेवटी, अगदी साधेपणानं, विचारलं, "तुम्ही आधी का नाही आलात?" सुजातानं पैशांचं सांगितलं. जजबाईंनी मान हलवली, त्यांना ते पटलंही असावं. पण सुजाताला स्वतःचं उत्तर कधीच पटलं नाही.

निघताना आजीनं एकच मागितलं, मुलीला एकदा दाखवायला घेऊन ये. सुजातानं शब्द दिला.

पुण्यात करुणा रुळली. केसांवरून शाळेत चिडवणाऱ्या मुलींना तिनं आपल्या पद्धतीनं गप्प केलं, विहारात त्रिशरण-पंचशील पाठ म्हणून दाखवलं, आणि बघता बघता रिक्षावाल्याशी हुज्जत घालण्याइतकी पुणेकर झाली. पण पहिली दोन-तीन वर्षं तिच्या उशीखाली पोळी सापडायची. दाराची कडी वाजली की ती आपली पिशवी घेऊन उभी राहायची, कुणीतरी न्यायला आलं असेल म्हणून. असं काही दिसलं की सुजाता मला म्हणायची, "हे माझं." मी म्हणायचे, अगं, आईबाप गेलेलं लेकरू आहे, काही खुणा राहणारच. ती म्हणायची, "आईबाप गेले ते नशीब. नंतरची दोन वर्षं माझी."

युगांडाला जाणं राहत गेलं. दोघींची तिकिटं म्हणजे तिच्यासाठी पुन्हा तोच डोंगर. यंदा शाळेची फी, पुढच्या वर्षी गळकं छप्पर... आणि एक दिवस आजी गेल्याचा निरोप आला. करुणा तेव्हा चौदा वर्षांची होती. तिनं सरळ विचारलं, "तू नेहमी उशीरच करतेस का?" सुजातानं तिला सगळं सांगितलं, मी पैसे देऊ केले होते आणि तिनं नाकारले होते, हेसुद्धा. करुणा आठवडाभर तिच्याशी बोलली नाही. मग एका संध्याकाळी येऊन म्हणाली, "मावशीचे पैसे घ्यायला हवे होतेस." सुजाता म्हणाली, "हो. घ्यायला हवे होते." त्या दोघींत माफी झाली ती एवढीच. पुरेशी होती की नाही, मला सांगता येणार नाही.

बारावी झाली की निदान आईवडिलांच्या आणि आजीच्या थडग्यांवर फुलं वाहून येऊ, असं ठरलं. या वेळी सुजातानं माझ्याकडून पैसे घ्यायचं स्वतःहून कबूल केलं. "शिकले बघ," म्हणाली. पारपत्रं तयार झाली. मग तिची पाठ दुखायला लागली. आजार कळला तेव्हा फार पुढे गेलेला होता, आणि तिकिटांचे पैसे दवाखान्यात गेले. शेवटच्या दिवसांत तिला दुखण्यापेक्षा तेच जास्त लागत होतं. "पुन्हा राहिलं, मंगल..." इतकंच म्हणायची आणि भिंतीकडे वळायची.

सुजाताच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला विहारात करुणानं मेणबत्ती लावली, दोन शब्द बोल म्हटलं तर नको म्हणाली. मुलगी आता सतरा वर्षांची आहे. आम्ही दोघी डिसेंबरात युगांडाला जाणार आहोत.

त्याच्याच कागदपत्रांसाठी परवा तिला संध्याकाळी घरी बोलावलं होतं. सुजाता कंपालाहून आल्यापासून कुठेही वेळेआधी पोचायची. शाळा सुटायच्या कितीतरी आधी फाटकाशी उभी, गाडीच्या आधी तासभर फलाटावर. तिच्या या घाईला आम्ही हसायचो. परवा कचरा ठेवायला दार उघडलं, तर करुणा जिन्याच्या पायरीवर बसली होती. ठरलेल्या वेळेला अजून बराच अवकाश होता.

"अगं, बेल का नाही वाजवलीस?"

"वेळ व्हायची होती ना मावशी," ती म्हणाली. "आई म्हणते, आपण आधी पोचायचं, लोकांना घाई करायची नाही."

'म्हणते' म्हणाली. मी दुरुस्त केलं नाही. तिच्याजवळ पायरीवर बसले, आणि वेळ होईपर्यंत आम्ही दोघी तिथंच बसून राहिलो.