मक्याच्या ताटाचं माप

टेंभुर्णीहून जुनी ट्रॉली आणली त्याच दिवशी पोरानं सांगून टाकलं होतं, "अप्पा, हिच्यापुढं आपली आधीची ट्रॉली म्हंजी खेळणं. जोडायचं सामान नीट बघून घ्या. एकदा जरी घोटाळा झाला तर ट्रॅक्टरची किल्ली मी सोलापूरला घेऊन जाणार."

पोरगा सोलापुरात कारखान्यात कामाला आहे, रविवारी गावाकडं येतो. बाकीचे सहा दिवस घरात मी, बायको आणि सून. आमचं गाव वळसंगच्या पलीकडं. शेत मी आणि सून बघतो. ट्रॅक्टर सुनेलाही येतो, पण चालवायचो मी. किल्ली माझ्या बंडीच्या खिशात असायची. झोपतानासुद्धा.

आमच्याकडं देवळाच्या कट्ट्यावर माझ्या वयाचे चार-पाच जण बसलेले असतात. सगळे एके काळी कामाचे गडी. कुणाची मोटारसायकल पोरानं काढून घेतली, कुणाला विहिरीकडं जायची बंदी झाली. किल्ली गेली की माणूस तिथं जाऊन बसतो. मला तिथं बसायचं नव्हतं.

जोडायचं सामान म्हणजे फार काही नसतं. ट्रॅक्टरच्या मागं हूक असतो, त्याला एकावर एक दोन जाड लोखंडी पाट्या, दोन्हींना भोक. ट्रॉलीच्या दांडीच्या टोकाला लोखंडी कडं. कडं दोन पाट्यांच्या मधे सरकवायचं आणि वरून पिन सोडायची. पिन उडू नये म्हणून तिच्या खालच्या टोकाला बारीक भोक, त्यात बायकांच्या केसातल्या आकड्यासारखी एक क्लिप. मागचं सगळं ओझं त्या एका पिनीवर. पिन कमजोर निघाली तर बाकी सगळं चांगलं असून उपयोग नाही.

मला यातलं कळत होतं, खोटं कशाला बोलू. हूक किती उंचीवर धरायचा हे मला कुणी शिकवलेलं नाही. उंच धरला तर चढाला ट्रॅक्टर तोंड उचलतो. बैलगाडीचंही तेच. गाडी मागं जड झाली तर जू वर उचलतं, पुढं जड झाली तर बैलाची मान जाते. चौथीत शाळा सोडून मी बैलांच्या मागं गेलो ते पंचवीस-तीस वर्षं बैलांच्याच मागं होतो. ते शिक्षण मी मोजतो.

आमच्या जुन्या हुकाची भोकं वापरून वापरून अंड्यासारखी लांबट झाली होती. गावातल्या वेल्डिंगवाल्यानं ती भरून घेतली आणि या आणलेल्या ट्रॉलीच्या कड्याला बरोबर जुळतील अशी पाडून दिली. जुनी पिन आता त्यात घुंगरासारखी वाजायची. नवी पिन सोलापुरातून लेथवर करून आणायची होती.

वेल्डिंगवाला म्हणाला, "आकडा लिहून देतो अप्पा. इंच आणि सूत. मिस्त्रीला कागुद दाखवा."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. लोखंडाच्या कामात सगळे सुतावरच बोलतात. मी म्हणालो, "कागुद ऱ्हाऊ दे. माप मी घेतो."

माझा बाप भोकाचं माप ओल्या ताटानं घ्यायचा. मक्याचं जाड ताट बुडाकडून तोडायचं, विळ्यानं सोलत सोलत भोकात अगदी घट्ट बसेल एवढं करायचं आणि सुताराकडं न्यायचं. आकडा चुकतो, ताट चुकत नाही, असं तो म्हणायचा. मीही तसंच केलं. गोठ्यामागच्या मक्यातलं ताट घेतलं, सोललं, कड्यात बसवलं. वीतभर कापलं. शेळी खाईल म्हणून पत्र्याच्या आढ्याला दोरीनं टांगलं. दुसऱ्या दिवशी सोलापूरला जायचं ठरलं होतं.

रात्रीच अक्कलकोटकडून फोन आला, बायकोच्या माहेरी मयत झाली. आम्ही दोघं तिकडं गेलो ते आठ दिवसांनी परत आलो. ताट आढ्याला तसंच होतं. उन्हाळ्याचे दिवस, वर पत्रा. हातात घेतलं तेव्हा हलकं लागलं. एवढं मला आठवतं. पण कांदा काढून पडला होता, बाजाराची घाई होती. ताट पिशवीत टाकलं आणि एसटी धरली.

लेथवाला मिस्त्री माझ्याच वयाचा. त्याचे वडील आमच्या बैलगाडीच्या चाकांवर लोखंडी धावा बसवायचे, तेव्हापासूनची ओळख. मी ताट त्याच्या टेबलावर ठेवलं. त्यानं ते उचललं, चष्म्याखालून बघितलं.

"क्या अप्पा, नाप लाए की चारा लाए?"

"माप हाय. जरा बी फरक पडायला नको."

"कित्ते दिन का है ये?"

मी म्हणालो, "ताजं हाय. सकाळी तोडलंय."

हे का बोललो, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. आठ दिवसांचं आहे म्हटलं असतं तर तो हसला असता. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती. तेवढ्यासाठी बोललो, दुसरं काही कारण नाही.

मिस्त्रीनं ताट परत एकदा दाबून बघितलं. "कडी इधर लाते तो अच्छा था. ट्रॉली ले के आओ ना."

"पिनीसाठी ट्रॉली घेऊन येऊ व्हय? माझं माप चुकत न्हाय."

चांगलं लोखंड घेऊन त्यानं पिन काढली, वर टोपी, खाली भोक. क्लिप दिली. मग भिंतीवरची साखळी दाखवून म्हणाला, "ये भी लगा लो. पिन गई तो ट्रॉली साखळी पे रहती."

मी म्हणालो, "शेळीला दावं असतं, म्हशीला दावं असतं. ट्रॉली काय पळून जाती?"

दुकानातले हसले. माझी बाजू वर राहिली. साखळी घेतली नाही.

घरी येऊन पिन सोडली तर सुळकन आत गेली. सून शेजारी उभी होती. तिनं वाकून पिन हातानं हलवली.

"सैल लागती अप्पा."

"पिनीला खेळायला जागा लागती. घट्ट बसवली तर वळणाला दांडी मोडंल."

हे खरंच आहे, थोडी जागा लागतेच. पण किती, ते मला ठाऊक होतं आणि ही जागा त्याहून जास्त होती, तेही दिसत होतं. मी ग्रीस भरलं. ग्रीस भरल्यावर फट दिसत नाही.

दोन दिवसांनी कांद्याच्या गोण्या भरून आम्ही सोलापूरला निघालो. मी चालवत होतो, सून शेजारी मडगार्डवर. शेतातून रस्त्याला लागेपर्यंत काही नाही. रस्त्याला लागल्यावर गिअर बदलला की मागं ठोका पडायला लागला.

"अप्पा, मागं वाजतंय."

"नवं लोखंड हाय. बसंल."

थोडं पुढं गेल्यावर ती परत म्हणाली, "थांबून बघू की."

"बाजार निघून जाईल."

पुढच्या गावाच्या एसटी थांब्यापाशी गतिरोधक आहे. त्यावरून ट्रॅक्टर गेला, ट्रॉली आपटली, आणि ट्रॅक्टर एकदम हलका झाला. मला बरं वाटलं. इंजिनाचा आवाज मोकळा झाला, गाडी पळायला लागली. वाटलं, बसलं लोखंड.

सून माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "अप्पा, ट्रॉली मागं ऱ्हायली."

मी वळून बघितलं. ट्रॉली रस्त्यात, दांडी डांबरात रुतवून, नमस्कार घातल्यासारखी पडली होती. पुढच्या गोण्या घसरून दोन फुटल्या होत्या, कांदे थांब्याच्या दिशेनं चालले होते. मागं एक रिक्षा कचकन थांबलेली, आत शाळेची पोरं. रिक्षाचं पुढचं चाक आणि ट्रॉलीचा मागचा फाळका यात हातभर अंतर. ते हातभर अंतर मी अजून विसरलो नाही.

थांब्यावर एक म्हातारी बसली होती. मी ट्रॅक्टर मागं घेतला तशी म्हणाली, "काय इसरलं व्हय म्हातारबा?"

कुणी हसलं नाही. रिक्षावाला खाली उतरला, माझं वय बघितलं आणि काही न बोलता पोरांची दप्तरं सरळ करायला लागला. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

पिन गतिरोधकाजवळच सापडली. क्लिप तुटून कुठं गेली ती दिसली नाही. सुनेनं पिन कड्यात घालून बघितली. कडं आणि पिन यात काडेपेटीच्या दोन काड्या एकावर एक जातील एवढी फट होती. उसाची वाहतूक करणारा एक ट्रॅक्टरवाला तिकडून चालला होता, त्याच्याकडं जास्तीची पिन होती. ती बसली, बरोबर बसली. त्यानं आणि सुनेनं मिळून जॅक लावून दांडी उचलली, कांदे थांब्यावरच्या लोकांनी गोळा करून दिले.

सगळं झाल्यावर सून ट्रॅक्टरजवळ उभी राहिली. सीटवर चढली नाही. तिनं विचारलं, "चालवू का मी?"

मी खिशातून किल्ली काढून दिली. मडगार्डवर बसलो. त्या जागेवर मी आधी कधी बसलो नव्हतो. तिथून मागची पिन दिसते, सीटवरून दिसत नाही.

बाजारात कांदा उतरवून आम्ही सरळ मिस्त्रीकडं गेलो, ट्रॉलीसकट. गल्लीत ट्रॉली शिरली तेव्हा मिस्त्री बाहेर आला, माझ्याकडं बघितलं, सीटवरच्या सुनेकडं बघितलं. मग लोखंडी माप घेऊन वाकला. कडं मापलं, "दस सूत." माझी पिन मापली, "साडे आठ." कपाटाच्या खालच्या खणातून त्यानं माझं ताट काढलं. ठेवून दिलं होतं त्यानं. ते आता आणखी वाळून बोटाएवढं झालं होतं.

मी म्हणालो, "मिस्त्री, ताट ताजं नव्हतं. आठ दिवसाचं होतं. मी खोटं बोललो."

दुकानात त्या दिवशीही माणसं होती. सून दारात उभी होती.

मिस्त्री म्हणाला, "बोलते तो मैं एक सूत जास्ती रखता था. दो मिनट की बात थी अप्पा."

एवढंच. बापाचं माप चुकीचं नव्हतं. आमच्या गावातला सुतार हाकेवर होता, ताट तोडलं की घटकाभरात त्याच्या हातात. ते मी मिस्त्रीला समजावून सांगायला लागलो, तर सून म्हणाली, "अप्पा, चहा घ्या." मी चहा घेतला.

नवी पिन कड्यात घालून, वळवून, बघून केली. साखळी मीच मागितली. मिस्त्रीनं ती दांडीच्या खालून आडवी फिरवून बांधायला शिकवली, म्हणजे पिन गेली तरी दांडी जमिनीला लागत नाही, साखळीच्या झोळीत पडते. हे मात्र मला ठाऊक नव्हतं. दोनदा बांधून दाखव म्हणालो, त्यानं दाखवलं.

वाटेत सून म्हणाली, "ह्यांना मी काय सांगणार न्हाय. तुमचं तुमी बघा."

रविवारी पोरगा आला. पाय धुऊन जेवायला बसला, तेव्हा मी सगळं सांगितलं. ताट, खोटं बोललो ते, रिक्षा. मग किल्ली त्याच्या ताटाशेजारी ठेवली. बायको भाकरी थापत होती, ती कन्नडमध्ये पुटपुटली, "साकु." म्हणजे पुरे. कुणाला म्हणाली ते समजलं नाही.

पोरगा घास संपवून पाणी प्यायला. मग किल्ली उचलली आणि म्हणाला, "मी आधीच बोललो होतो अप्पा."

"व्हय. बोललावतास."

तेवढ्यात सून म्हणाली, "तुमी नेली तर सहा दिवस रान कोण बघंल? मी एकटी? किल्ली हितंच ऱ्हाऊ द्या. पण खिशात न्हाय. त्या खिळ्याला." स्वयंपाकघराच्या दाराशी कॅलेंडरचा खिळा आहे, तो तिनं दाखवला. "चालवणाऱ्यानं आपल्या हातानं काढायची न्हाय. दुसऱ्यानं मागं जाऊन पिन हलवून बघायची, साखळी बघायची, मग काढून द्यायची."

पोरगा म्हणाला, "अप्पांना हे पटंल का, त्यांना इचार."

सगळे माझ्याकडं बघत होते. मला पटलं नव्हतं. आपल्याच ट्रॅक्टरची किल्ली आपणच मागायची, आणि तीही सुनेकडं. पण कट्ट्यावर ती कुणाकडंच मागता येत नाही. मी म्हणालो, "ती चालवंल तवा मी बघणार. तिलाबी माझ्याकडनंच घ्यावी लागंल."

"घेईन की," सून म्हणाली.

तेव्हापासून तसंच चाललंय. सकाळी मी ट्रॅक्टरजवळ जाऊन उभा राहतो. ती हात पुसत येते, मागं जाते, वाकते, पिन हलवते. मला घाई असली तरी ती घाई करत नाही. मग घरात जाऊन किल्ली आणून देते. तिचा दिवस असला की मी जातो. मी पिन तर हलवतोच, साखळीची प्रत्येक कडी बोटानं चाचपतो. तिला उशीर होतो, ती उन्हात उभी असते. एकदा म्हणाली, "अप्पा, कालच बघितलीय की तुमी."

मी म्हणालो, "काल कालची बघितली." आणि परत पहिल्या कडीपासून सुरू केलं.