बोरसीतली मानलेली भाची

सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी कौशल्या बिसेन सर्वेक्षणाच्या कामावर होती, पण बसली होती ती स्वतःच्याच घरमालकिणीच्या ओट्यावर. दुर्ग शहरातल्या बोरसी वस्तीत कोणाला भाडं किती जड जातं, ते शोधायचं काम होतं. चिठ्ठ्या टाकून मोजकीच घरं निवडायची आणि त्यांवरून अख्ख्या वस्तीचा अंदाज बांधायचा. नेमकं तिच्या घरमालकिणीचं, कांताबाईंचं घर निघालं. आपण राहतो ते घर आपण नोंदवायचं नाही, असा नियम. म्हणून टॅब्लेट पर्यवेक्षक अभिनवच्या हातात होता.

कौशल्याचा जीव या अंदाजात अडकला होता. तिचा अर्धा पगार कांताबाईंच्या वरच्या खोलीवर जात होता. बोरसीत भाड्याचा ताण दिसला, तर स्वस्त भाड्याची सरकारी घरं इथे येणार, नाहीतर ती दूर जामुल गावाला जाणार.

"घरात भाडेकरू?" अभिनवने विचारलं.

"कोनी नाही जी," कांताबाई म्हणाल्या. "हे माही भाची."

बोरसीत ही रीतच आहे. भाडं कागदावर आलं की घरपट्टी वाढेल, ही धास्ती. म्हणून भाडेकरू सामानासोबत नातंही घेऊन येतो. आतापर्यंतच्या सगळ्या घरांत भाचे-पुतणेच निघाले होते. अशाने बोरसी कागदावर भलतीच सुखी ठरणार होती.

कौशल्याने पाय पसरले. "हो साहेब, सख्खी मावशी. मावशी, पोहे झाले काय? आजपासून मी दोन्ही टाइम खालीच जेवीन. अन् महिन्याचे ते पैसे बी बंद."

"बंद कावून?"

"भाचीपासून मावशी पैसे घेते काय?"

कांताबाईंनी वरच्या खोलीकडे पाहिलं. घरपट्टी वर्षातून एकदा येते, भाडं दर महिन्याला.

"लिवा साहेब," त्या म्हणाल्या. "भाडेकरू हाय. लय आगाऊ हाय."

"काकू, तुमचं नाव महापालिकेत जात नाही," अभिनव हसू दाबत म्हणाला. "आम्ही फक्त वस्तीचा अंदाज काढतो."

"हे आधी सांगाचं ना जी! फुकटची मावशी झाली ना मी!"

कौशल्याला पोहे मिळाले नाहीत. बोरसीच्या खात्यात मात्र पहिलं खरं भाडं पडलं.

उद्या सकाळी साडेसातला पहिलं घर समोरच्या बाबारावांचं आहे. त्यांच्याकडे चार पुतणे राहतात. चौघांची आडनावं वेगवेगळी आहेत.