घंटामावशीचं चित्र

पेंटरच्या हातात अक्षरं रबरासारखी वागायची. 'सलून' दहा फुटांवर ताणायचं असो, की लांबलचक नाव दीड फुटी पाटीत कोंबायचं असो, तो जागा बघून अक्षर रुंद करायचा नाहीतर चेपायचा. अक्षराला नाक-डोळे नसतात, त्यामुळे बावीस वर्षं सगळं खपून गेलं.

त्याची आई शाळेत झाडलोट करायची आणि तास संपला की घंटा द्यायची. पोरांनी तिचं नाव घंटामावशी पाडलं होतं. उद्या ती निवृत्त होणार, म्हणून मुख्याध्यापकांनी घंटेशेजारच्या भिंतीवर तिचं चित्र काढायला सांगितलं. काम पेंटरलाच दिलं, घरचाच माणूस म्हणून. चेहरा त्याने जन्मात रंगवला नव्हता, पण आईच्या चित्राला नाही कसं म्हणायचं?

फोटो होता चार इंच रुंद, सहा इंच उंच. त्याने दोन्हीकडे सोळा-सोळा इंच वाढवले. वीस रुंद, बावीस उंच. फोटोवर रेघा मारून घरं पाडली, भिंतीवर पांढरा पट्टा मारून त्यावर रंगीत खडूने तेवढीच घरं पाडली आणि एकेक घर बघून रंगवत गेला.

दुपारी आई बादली घेऊन आली. बराच वेळ बघत राहिली.

"कोण रे ही? खाऊनपिऊन सुखी दिसते."

ती हसून गेली, पण पेंटरने फोटो चित्राशेजारी धरून पाहिला. नाक तिचंच, डोळे तिचेच, तरी बाई भलतीच. उद्या अख्ख्या शाळेसमोर आई ह्या परक्या बाईशेजारी उभी राहणार.

सातवीला गणित शिकवणाऱ्या बाई तिथून चालल्या होत्या. त्या थांबल्या, आणि माप कसं घेतलंस म्हणून विचारलं. त्याने सोळा-सोळा इंचांचं सांगितलं.

"दोघांना सारखंच दिलंय बाई. कुणावर अन्याय नाही."

"चाराचे वीस झाले. किती पट?"

"पाचपट."

"आणि सहाचे बावीस?"

त्याने बोटं मोजली. चौपटसुद्धा भरेना. रुंदी पाचपट पळाली होती आणि उंची बिचारी मागे राहिली होती. सहाची पाचपट तीस. म्हणजे आईला आठ इंच कमी पडले होते. तो भिंतीकडे बघतच राहिला.

बाई म्हणाल्या की त्यांच्या वर्गातली निम्मी पोरं अगदी हेच करतात, वाढवायचं म्हटलं की मिळवत सुटतात. पेंटरला शाळा आठवली. वहीवर लाल फुल्याच फुल्या असायच्या. चुकलंय हे त्याला सगळ्यांनी सांगितलं होतं. कुठं चुकलंय, ते आज पहिल्यांदा कुणीतरी शेजारी उभं राहून दाखवलं होतं.

रंग ओलाच होता. त्याने टर्पेंटाइनच्या फडक्याने तो पुसला, पांढरा पट्टा आठ इंच वर चढवला आणि नव्याने घरं पाडली. ह्या वेळी फोटोतल्या एका इंचाला भिंतीवर पाच इंच, आडवे आणि उभेही.

सकाळी घंटा द्यायला आई आली. दोरी हातात धरून तशीच उभी राहिली. मग मोकळ्या हाताने कपाळावरचे केस मागे सारले, आरशासमोर सारावेत तसे.

"केस तरी नीट काढायचेस माझे."

 पेंटरने ब्रश खाली ठेवला, हात पुसले आणि सातवीच्या वर्गाकडे निघाला. बाईंना आधी सांगायचं होतं, की आईने स्वतःला ओळखलं.