गुरुजींचा फुल फ्रेम

ग्रुपमध्ये किस्से साठायला एक अतिशहाणा लागतोच. आमच्या आकाशदर्शनाच्या ग्रुपमधला तो मीच! किस्से निघाले की सगळे हसतात, मीही हसतो. पण खरं सांगतो, कान गरम होतात.

कोल्हारला माझा फोटो स्टुडिओ. एक दिवस आमचे भूगोलाचे गुरुजी आले. रिटायर झालेले, दोन्ही डोळ्यांना काचबिंदू. म्हणाले, "संजू, जन्मभर फळ्यावर खडूने आकाशगंगा काढली. आता डोळे आहेत तोवर तिचा एक चांगला फोटो काढून बघायचाय. कॅमेरा मी घेतो, निवड तुझी."

निवड माझी म्हटल्यावर मी फुगलोच! "गुरुजी, घ्यायचा तर फुल फ्रेम. सेन्सर मोठा, अंधारातही फोटो स्वच्छ. फक्त जरा थांबा, नवीन मॉडेल येतंय."

नवीन मॉडेल आलं. मी त्याचे सगळे रिव्ह्यू पाहिले आणि गुरुजींना म्हणालो, "थांबा, याच्या पुढचं येतंय!"

*

मग नगरच्या एका शोरूममध्ये गेलो. "अंधारात फोटोवर किती दाणे, म्हणजे बारीक ठिपके, येतात ते बघायचंय, लाईट बंद करा," मी ऐटीत सांगितलं. सेल्समनने बिचाऱ्याने केल्या. त्या अंधारात गुरुजी काउंटरवर धडकले.

"लागलं नाही रे," गुडघा चोळत म्हणाले. "पसंत पडला का?"

"अजून दोन बघू!"

त्या 'अजून दोन'ची मला आजही लाज वाटते.

*

कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढची एक काच काढली, की आकाशातले लाल ढग छान उठतात म्हणे. गुरुजींच्या कॅमेऱ्याला हे करावं का, हे बघायला मी स्टुडिओतल्याच कॅमेऱ्याची काच काढून घेतली. आणि तोच कॅमेरा घेऊन शिर्डीला हळदीच्या ऑर्डरला गेलो!

फोटो बघून नवरीची आई म्हणाली, "अहो, आम्ही हळद लावली होती का कुंकू?"

हा किस्सा ऐकून तिसगावचा बापू पोट धरून हसला. बापू आमच्या ग्रुपमधला शेतकरी. म्हणाला, "आरं, आता लगनाच्या कामाचा न्हाई तर न्हाई, ह्योच घिऊन ये माज्या वावरात. गुरुजींचं काम हुईल की!"

"ह्याचा सेन्सर लहान आहे, बापू. तुला नाही कळायचं."

*

बापूला कळलं नाही ते बरंच झालं. उन्हाळ्यात त्याने मोबाईल बांधावर दगडाला टेकवला आणि आकाशगंगेचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. चक्क आली होती!

गुरुजी सुनेला घेऊन स्टुडिओत आले. मोबाईल पार नाकाला लावून, मान इकडेतिकडे वळवत बघत होते. "संजू, थोडी थोडी दिसतीय रे. हेच मोठं करून दे ना."

मी काय म्हणावं? "गुरुजी, दाणे बघा किती आलेत! असला फोटो माझ्या स्टुडिओतून जाणार नाही."

त्यांनी मोबाईल सुनेकडे दिला. बापूने ग्रुपवर मला जे लिहिलं, ते इथे सांगण्यासारखं नाही. पण चूक नव्हतं.

*

अखेर पावसाळा सरल्यावर फुल फ्रेम आला. तिसगावला बापूच्या वावरात, अंधार पडल्या पडल्या मी ट्रायपॉड लावला. बापूने गुरुजींचा हात धरून त्यांना ढेकळांतून आणलं. आता ते एकटे चालत नव्हते.

बटण दाबलं. वीस सेकंद शटर उघडं राहिलं. पहिला मान गुरुजींचा, म्हणून मी स्वतः न बघता बाजूला झालो. ते वाकले. स्क्रीनला कपाळ टेकेल इतके जवळ गेले. बराच वेळ तसेच राहिले.

"दिसली का, गुरुजी?" मी विचारलं.

"दिसली तर! ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत!" त्यांनी चाचपत माझा खांदा शोधला आणि थोपटला. "निवड चांगली केलीस हो, संजू."

बापूने डोळे पुसले. मी पुढे होऊन कॅमेरा पाहिला.

लेन्सचं झाकण मी काढलंच नव्हतं.